बापाच्या वावरातला पाहुणा

शेजारच्या म्हाताऱ्या आनास्तासिओला त्याच्या मुलानं सुपरमार्केटच्या पिशवीतून घरी आणलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मुलाचा त्यात काही दोष नव्हता. मेक्सिको शहरात माणूस पुरायला जागा मिळवायची म्हणजे जिवंतपणी घर मिळवण्याइतकीच मारामार, म्हणून म्हाताऱ्याला जाळलं, राख बरणीत भरली, बरणी पिशवीत घातली आणि मेट्रोत बसायला जागा मिळाली तशी ती मांडीवर घेऊन मुलगा घरी आला. भिंतीवर फळी ठोकेपर्यंत बरणी फ्रिजवर राहू दे म्हणाला. अब्दोनची आई फ्रोसिना पाव घेऊन भेटायला गेली, तेव्हा बरणीच्या एका बाजूला मक्याच्या पोह्यांचं खोकं होतं आणि दुसऱ्या बाजूला विजेचं बिल. ती घरी आली आणि अंगातला स्वेटर न काढता पलंगावर बसून राहिली. अब्दोनला वाटलं, आज यंत्राचा दिवस होता, थकली असेल. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रावर धुऊन आणावं लागे, आणि त्या दिवशी ती अशीच बसे. त्यानं सूप पुढं ठेवलं. तिनं चमचा उचलला, परत ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, मीठ कमी पडलंय असं सांगावं तशी, म्हणाली, "अब्दोन, मला पिशवीत घालू नकोस."

"काहीतरीच काय बोलतेस आई."

"यावेलाला ने, आपल्या गावी. तुझ्या बापाशेजारी. सगळीच्या सगळी ने, जाळून अर्धी करू नकोस."

हो म्हणायला काय लागतं? तो हो म्हणाला. आणि त्या हो म्हणण्यात आपण किती मोठं खोटं बोललो हे त्याला रात्रभर, आणि मग दुसऱ्या दिवशी कामावरही, हिरडीवरच्या फोडासारखं जाणवत राहिलं. अब्दोनचा धंदा दातांचा. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर मापं घेऊन पाठवतात, त्यावरून कवळ्या घडवणारा. आयुष्यभर त्यानं परक्या माणसांची तोंडं हातात धरली होती, ती माणसं मात्र कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी एका कवळीचे पुढचे दात त्यानं वाकडे बसवले आणि वाकडे बसलेत हे दिसूनही कितीतरी वेळ तसाच बघत राहिला. इतक्या वर्षांनी यावेलात त्याला कोण विचारणार होतं? आठवडाभरानं यंत्राच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याला बाजूला घेतलं आणि आईचं हृदय थकलंय, नाताळपर्यंत टिकल्या तर देवाची कृपा समजा, असं सांगितलं. तेव्हा ऑगस्ट चालू होता. चेला नावाच्या शेजारणीला आईजवळ ठेवून अब्दोन ओआहाकाच्या बसमध्ये बसला, तिथून दुसऱ्या बसमध्ये, आणि तिथून लाकडं नेणाऱ्या ट्रकच्या मागे उभा राहून डोंगर चढला.

आणि आता तो पाहुण्यांसाठीच्या एका घरात बसला होता. भाड्यानं. गावाच्या वरच्या अंगाला, पाइनच्या रानात, गावकऱ्यांनी अशी घरं बांधली होती: मातीच्या भिंती, लाकडी छत, भिंतीत चूल, दोन अवजड घोंगड्या आणि खिडकीत रानफुलांचा पेला. शहरातले लोक इथं झाडांना मिठी मारायला येतात. आल्या आल्या तो सरळ ग्रामसभेच्या कचेरीत गेला होता आणि आपलं म्हणणं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, रविवारी सभा आहे, सभा ठरवील म्हणाले, आणि तोवर राहायचं कुठं हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. त्याचं घर नव्हतं. घर होतं तिथं आता गावाची पिठाची गिरणी होती. भाऊबंदांपैकी कुणाच्या घरी राहिला असता तर सभेआधी बाजू घेतल्यासारखं झालं असतं. मग एलादिओ उठला आणि अगदी खुशीत म्हणाला, "चला पाहुणे, तुम्हाला खोली दाखवतो."

एलादिओ त्याचा चुलत मावसभाऊ. लहानपणी दोघं एकाच गाढवावरून पडले होते. ह्या एलादिओनं त्याला वाटेनं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, पाहुण्यांना सांगायचं ते सगळं सांगितलं: अळंबी तोडू नयेत, ओढ्यात साबण वापरू नये, फिरायचं तर गावचा वाटाड्या बरोबर घ्यावा, चूल पेटवून झोपू नये. अब्दोन म्हणाला, "एलादिओ, बस कर ना लेका." एलादिओ थांबला नाही. "आणि पाहुण्यांनी," तो म्हणाला, "सूर्योदय जरूर बघावा. फार नामी दिसतो." मग दाराशी आल्यावर त्यानं किल्ली दिली, इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात, पहिल्यांदाच तू म्हणत बोलला, "कुठं झोपणारेस कळलं का? तुझ्या बापाच्या बटाट्यांवर. हे सगळं त्याचं वावर होतं. तुम्ही गेलात, गावानं परत घेतलं." आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसत हसत खाली उतरला.

ते खरं होतं. धुकं हललं की उताराचा आकार ओळखू येई. पावसाचं पाणी खाली धावू नये म्हणून बापानं आडवे दगड लावले होते, ते आता फुलझाडांच्या वाफ्याला लागले होते. इथं तो लहान असताना बटाटे वेचत असे. गार मातीत हात घातला की बोटं बधिर व्हायची आणि बटाटा कुठला नि दगड कुठला ते फक्त वजनावरून कळायचं. बाप फारसं बोलत नसे. बापानं गावाची सेवा केली होती, शिपायापासून थेट देवळाच्या कारभाऱ्यापर्यंत, एक वर्ष सेवा, मग थोडी उसंत, मग पुन्हा सेवा, सगळी बिनपगारी, कारण यावेलात तसंच आहे: जमीन विकत मिळत नाही, पाणी विकत मिळत नाही, आणि मेल्यावर लागणारा खड्डाही विकत मिळत नाही. सगळं सेवेनं मिळतं. सभेत नाव पुकारतात, तुम्ही हजर असा नाहीतर परदेशात असा, नाव निघालं की यायचं. बाप देवळाची सेवा करता करताच गेला, थंडीत, छातीत कफ होऊन. त्याला इतकी माणसं पोचवायला आली की दफनभूमीच्या कुंपणाचा एक भाग पडला.

अब्दोनचं नावही निघालं होतं. तेव्हा तो शहरात कवळ्यांचं काम नुकतंच शिकत होता आणि शिपाई म्हणून वर्षभर गावात काठी घेऊन फिरायचं म्हणजे शिकणं गेलं. मग सगळे करत तेच त्यानं केलं. आपल्या जागी एलादिओला उभं केलं आणि दर महिन्याला त्याला पैसे पाठवले. त्याच्या समजुतीनं सेवा झाली. किती वर्षं तो त्याच समजुतीत होता! आई शहरात त्याच्याकडे राहायला आली तेव्हाही, आपला हिशेब गावाशी चुकता आहे असं त्याला खुशाल वाटत होतं. परवा कचेरीत कळलं की गाव तसं मोजतच नाही. गाव पाय मोजतं. ज्याच्या पायांनी फेऱ्या घातल्या, ज्याच्या डोक्यावर पाऊस पडला, सेवा त्याची. एलादिओच्या नावावर त्यामुळे एक वर्ष जास्त आहे आणि लोक त्याला त्यावरून मान देतात, आणि अब्दोनच्या नावापुढं काही नाही. एलादिओनं हे त्याला कधी कळवलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. गावचाच ना तू?"

शनिवार त्यानं चुलीशी झटापट करण्यात घालवला. राळेच्या लाकडाच्या चिरफळ्या कशा रचायच्या हे हातांना आठवत होतं असं त्याला वाटलं होतं, पण हातांना काही आठवलं नाही, नुसता धूर झाला आणि तो डोळे पुसत बाहेर ओट्यावर येऊन उभा राहिला. धुकं इतकं दाट होतं की समोरच्या झाडाचं तांबडं खोड तेवढं दिसे, शेंडा नाही. झाडांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या दाढ्यांतून पाणी टपकत होतं. कुठंतरी कोंबडा भलत्याच वेळी आरवत होता. अशा ठिकाणी शहरातली माणसं पैसे देऊन येतात आणि शांत वाटलं म्हणतात; त्याला वाटत होतं की आपण एका मोठ्या ओल्या तोंडात उभे आहोत आणि ते तोंड आता मिटेल. मनातल्या मनात तो सारखा आईला यंत्राच्या खोलीत नेत होता. तिला सुई टोचताना ती नेहमी त्याचा अंगठा धरते, हात नाही, नुसता अंगठा, आणि डोळे मिटून गावच्या जुन्या भाषेत काहीतरी पुटपुटते. ती भाषा त्याला समजते पण बोलता येत नाही. आज शनिवार, यंत्राचा दिवस. आज तिनं चेलाचा अंगठा धरला असेल का? चेलाला हे सांगायचं राहून गेलं होतं. ह्या एवढ्याशा गोष्टीनं त्याचा जीव असा कासावीस झाला की तो ओट्यावरच खाली बसला.

जेवण गावच्या खानावळीतून येई. ओतिलियामावशी टोपली घेऊन स्वतः चढून आली, धापा टाकत, आणि घरात शिरताच धुरानं खोकू लागली. "अगं बाई! घर पेटवतोस की चूल?" तिनं त्याला बाजूला सारलं, दोनचार लाकडं काढली, दोन उभी केली, फुंकर घातली आणि जाळ झाला. मग तिनं काळ्या घेवड्याची आमटी, मक्याच्या गरम भाकऱ्या आणि अळंब्यांची भाजी मांडली आणि समोर बसून त्याला खाताना पाहू लागली. ती आईची मैत्रीण. दोघींनी एकत्र लोकर पिंजली होती.

"फ्रोसिना जेवते का नीट?"

"मीठ बंद आहे. पाणीसुद्धा मोजून."

"पाणी मोजून? देवा रे. इथं ओढ्याला तोंड लावून प्यायची ती. घोड्यासारखी." मावशी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "घेऊन ये ना तिला. मी बघीन. माझ्याकडे ठेवीन."

"मावशी, यंत्र नाही इथं. खाली ओआहाकात आहे, तिथं नंबर लागत नाही. यंत्राशिवाय आठवडाही काढणार नाही ती."

"मग तसंच आण. आठवडा तर आठवडा." मावशीनं हे इतक्या सहज म्हटलं की त्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिच्या ते लक्षात आलं. "बाबा, मी म्हातारी, मला काय कळतंय. खा तू. उद्या सभेत मी बोलीन. बायकांना आता बोलू देतात." जाताना तिनं चुलीजवळ आणखी लाकडं रचून ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्या वयाच्या माणसाच्या डोक्यावरून कुणी हात फिरवत नाही. त्याला रडू कोसळलं आणि ती गेल्यावर बराच वेळ आवरलं नाही.

रविवारी सभा बसली. बास्केटबॉलच्या मैदानावर पत्र्याखाली बाकं मांडून सगळं गाव बसतं, आणि ज्याच्या नावापुढं गावच्या पुस्तकात काही नाही त्याला तिथं उभं राहायचीही मुभा नाही. त्याला एलादिओनं सांगून ठेवलं होतं, वरच थांब, निरोप आणतो. म्हणजे त्याच्या आईच्या खड्ड्याचं बोलणं खाली चालणार आणि तो वर, बापाच्या वावरात, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून राहणार. ध्वनिक्षेपकाचा आवाज डोंगर चढून यायचा पण शब्द धुक्यात विरायचे. मध्येच एक स्पष्ट वाक्य यायचं: कुणाची तरी लाल गाय सुटली आहे. मध्येच टाळ्या. मग पुन्हा गुरगुर. एकदा त्याला ओतिलियामावशीचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं, चढलेला, चिरका, पण कदाचित तो पक्षीही असेल. आपण खाली पळत जाऊन ओरडावं असं त्याच्या मनात आलं: अहो, माझ्या आईनं तुमच्यातल्या निम्म्या लोकांना पाळण्यात झोपवलंय! पण ओरडायला कुठल्या नात्यानं जाणार? तो उठला, बसला, पुन्हा उठला. लाकडं फोडायला घेतली, कुऱ्हाड गाठीत अडकली, ती काढता येईना, तशीच सोडली. कवळी घडवताना मेण फार तापलं तर थांबता येतं, गार होऊ देता येतं. इथं कशालाच हात लावता येत नव्हता. सभेला घाई नव्हती आणि धुक्याला तर नव्हतीच.

दुपार उलटल्यावर दोघं वर आले, एलादिओ आणि सभेचे अध्यक्ष फिदेन्सिओकाका. काका चढून दमले होते. बोलताना त्यांची वरची कवळी सैल होऊन टकटक वाजत होती, आणि अशा वेळीही अब्दोनच्या मनात आलं की हे काम कुणा आडमुठ्यानं केलंय, टाळूला पकडच नाही. त्याला स्वतःची शरम वाटली. काकांनी आधी मेस्कालची, गावच्या दारूची, बाटली काढली, मातीचा मान म्हणून थोडी जमिनीवर ओतली, मग त्याला पेला दिला. "तुझा बाप चांगला माणूस होता," ते म्हणाले. "तुझी आईही. सभेत कुणी वाकडं बोललं नाही. फ्रोसिनाला जागा आहे. नवऱ्याशेजारीच. सभेनं हात वर केले."

अब्दोननं पेला खाली ठेवला. त्यानं काकांचा हात धरला. काकांनी तो धरू दिला, थोपटला आणि मग सोडवून घेतला.

"पण पोरा, जागा बाईच्या नावानं निघत नाही. घराच्या नावानं निघते. आणि तुमच्या घराकडून गावचं एक वर्ष येणं आहे." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "ह्या घरांची राखण करणारा रोसेंदो उत्तरेला, सीमेपलीकडे, पळाला. गेल्या महिन्यात. पाहुणे येतात, लाकडं फोडायला माणूस नाही. सभेनं तुझं नाव घातलंय. उद्यापासून, पुढच्या ऑगस्टपर्यंत."

"काका, करतो. एक काय, दोन वर्षं करतो. पण नंतर. ती गेल्यावर. डॉक्टर म्हणतात नाताळपर्यंतसुद्धा..."

"ते मावशीनं सांगितलं सगळं. भांडली आमच्याशी." काकांचा चेहरा कसनुसा झाला. "पण मागं एकानं असाच शब्द दिला, आईला पुरलं आणि गेला तो गेलाच. तेव्हापासून सभेला शब्द चालत नाही. माणूस लागतो. मी एकटा काय करू? मला विचारशील तर मी आत्ता हो म्हणेन. पण मी म्हणजे सभा नव्हे."

"मध्ये जाऊन येता येईल? महिन्यातून एकदा?"

"सेवेवरच्या माणसाला गाव सोडता येत नाही, तुला ठाऊक आहे. माझा भाऊ शेवटचा आजारी होता तेव्हा मी देवळाच्या किल्ल्या घेऊन इथंच होतो."

"मयताला सुट्टी देतात की," एलादिओ मदत करायच्या भरात बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याचा चेहरा पडला. चुलीतलं लाकूड खाली घसरलं. एलादिओनं जमिनीकडे बघत, पाहुण्यांशी बोलायचा सगळा नखरा सोडून म्हटलं, "तुझं मी केलं असतं रे पुन्हा. खरंच केलं असतं. पण ते माझंच मोजतात."

सभा अजून बसलेली आहे, काका म्हणाले. उत्तर आज हवं. मग दोघं बाहेर जाऊन उभे राहिले. अब्दोन ट्रकरस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेला, कारण फोन तिथंच लागतो. चालताना त्याला दोन्ही बाजू लख्ख दिसत होत्या. नाही म्हणून परत गेलो तर तिचा हात हातात असेल आणि शेवटी बरणी. हो म्हटलं तर ही ओली काळी माती तिची, आणि सुई टोचताना अंगठा दुसऱ्या कुणाचा. दोन्हींतलं एकही त्याला स्वतःहून उचलता येण्यासारखं नव्हतं. लोकांचा राग यावा म्हणून त्यानं प्रयत्न केला, तोही जमला नाही. सगळेच इतक्या चांगुलपणानं वागत होते. फोन चेलानं उचलला आणि आईला दिला.

"काय झालं रे?" आईचा आवाज लांबून आला. "देतात का?"

"देतात आई. बाबांच्या शेजारी. सगळ्या सभेनं हात वर केले."

मग ती रडली असावी, किंवा हसली असावी. त्याला नीट कळलं नाही. "ओतिलिया आहे का अजून?" तिनं विचारलं. "आहे, तुझ्यासाठी भांडली." "भांडणारच. जुनी खोड आहे तिची." आणि मग आवाज बदलून, यावेलातल्या बाईच्या आवाजात, तिनं विचारलं, "तुला काय दिलं?"

"मला कुठं काय?"

"अब्दोन, मी त्या गावात जन्मले. गाव फुकट खड्डा देत नाही. कसली सेवा दिली तुला?"

"पाहुण्यांच्या घरांची. लाकडं, झाडलोट."

"किती?"

"वर्ष."

"कधीपासून?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "उद्यापासून," तो म्हणाला. "पण मी नाही म्हणतो आई. मी परत येतो. आपण तिथंच शहरात कुठंतरी जागा बघू, मी कर्ज काढतो, मी..."

"गप." ती धापा टाकत होती. तिच्या श्वासामागे चेलाचा रेडिओ ऐकू येत होता, त्याच्याही मागे गॅसवाल्याची हाक आणि शहरातली त्यांची ती सरळ, धुळीची गल्ली. मग ती बोलली तेव्हा आवाज असा स्वच्छ होता की जणू ती वळणापलीकडेच उभी आहे. "वर्षभर ना? थांबते मी वर्षभर. पुढच्या ऑगस्टपर्यंत. त्यात काय एवढं. तू तुझी सेवा पुरी कर, मी इथं थांबते. मग मिळून गावी जाऊ."

डॉक्टर काय म्हणाला ते तिलाही ठाऊक होतं. दारामागे उभं राहून तिनं ऐकलं होतं, हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं आणि दोघांनी ते एकमेकांपासून लपवून ठेवलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, ती वाट बघत होती.

"चेलाला सांग," तो म्हणाला, "सुई टोचताना तुझ्या हातात अंगठा द्यायचा. हात नाही. अंगठा."

"सांगते. जा आता, सभेला ताटकळत ठेवू नये."

"थांबशील ना मग?"

"थांबते म्हटलं ना."

तो परत चढून आला तेव्हा काका पायरीवर बसले होते. त्यांनी तोंड वर करून पाहिलं. अब्दोननं मान हलवली, हो म्हणून, आणि एलादिओ सभेला सांगायला खाली धावला.